लळा

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! नवी नोकरी, नवं घर, नवी वही. आधी टेम्पोतून सामान आलं, मागून मी आले आणि बाबा सगळ्यांत शेवटी घरात शिरले, कारण उतरवलेल्या प्रत्येक खोक्याचा कोपरा चेपलाय का, हे त्यांना फाटकाशी उभं राहून तपासायचं होतं. टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. तेवढ्यावर आमची मैत्री जमली.

घर छान आहे. संशोधन केंद्राच्या वसाहतीतलं अगदी शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पडवी. पडवीपुढे जाळीचं कुंपण, त्यापलीकडे फिरायची पायवाट आणि पायवाटेला लागूनच जंगल. चहाचा कप घेऊन पडवीत उभी राहिले तर समोर झाडंच झाडं. अशा ठिकाणी बसून काम करायचं आणि वर त्याचा पगारही मिळणार, यावर अजून विश्वास बसत नाही. बाबांना मात्र दोष सापडलेत. स्वयंपाकघरातला नळ तिरका आहे. पुढचं दार प्लायवूडचं आहे; बोटाने टकटक करून याला दार नाही, पुठ्ठा म्हणतात, असं त्यांनी जाहीर केलं. शिवाय कडी इतकी उंच लावलीय की चिमणीचा हात पोचायचा नाही.

चिमणी म्हणजे माझी भाची, दुसरीतली. ऑक्टोबरच्या सुट्टीत ताई तिला घेऊन इथे राहायला येणार आहे. मी हरणं दाखवीन असं कबूल केलंय, त्यामुळे ती आतापासूनच फोनवर डोकं खाते आहे.

बाबांनी आयुष्यभर इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढले. माणसांनाही ते नकाशातल्या रेघांसारखं वागवतात. दोन रेघा चिकटल्या की नकाशा बिघडला. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मी त्यांचं काही एक न ऐकता त्यांना इकडे आणलं. त्यांची खुर्ची खिडकीपाशी लागली, माझी समोरच्या भिंतीला. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. शिकायला घर सोडलं त्या दिवशी मी रडत होते आणि ते बॅगेवरचा पत्ता नीट आहे का ते बघत होते. ताई म्हणते, बाबांची माया हातभर लांबूनच घ्यायची असते. तरी ते आले, हेच खूप आहे.

८ सप्टेंबर

केंद्रातला पहिला आठवडा. माणसं मोजकी आहेत. प्रमुख मॅडम कडक. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतात, त्यामुळे मी दोनदा कपाळ पुसलं. जनावरांचे डॉक्टर त्याच्या अगदी उलट. गोल पोट, मोठा आवाज, आणि दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसायची सवय. पहिल्याच दिवशी माझी निम्मी पोळी त्यांनी संपवली आणि मीठ कमी आहे असंही सांगितलं.

काम असं आहे. जंगलातल्या बऱ्याच हरणांच्या गळ्यात पट्टे आहेत. पट्टा घातलेली दोन हरणं एकमेकांपासून हातभर अंतरात आली की दोन्ही पट्टे नोंद करतात, कोण, कधी आणि किती वेळ. अशा एका नोंदीला इथे ‘भेट’ म्हणतात. मला कोण कोणाला किती भेटतं ते बघून कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल करायचं आणि रोग आता कुठे जाईल ते आधी सांगायचं.

रोग म्हणजे एक विचित्रच प्रकार आहे. गेल्या वर्षी जंगलातल्या नाल्यापलीकडच्या कळपात सुरू झाला. ताप नाही, जखम नाही. हरीण चरायचं विसरतं, बुजायचं विसरतं आणि दुसऱ्या हरणाला खेटून उभं राहतं. शेवटी वाळून मरतं. कागदोपत्री त्याला एक लांबलचक क्रमांक आहे, पण डॉक्टर त्याला ‘लळा’ म्हणतात. त्या हरणाला लळा लागलाय, असं म्हणाले की मॅडमच्या कपाळावर आठ्या येतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की रोगही लागतो आणि लळाही लागतोच, मग वेगळं नाव शोधायचा उद्योग कशाला. माणसाला हा रोग होत नाही, हे मात्र त्यांनी मला चमचा रोखून सांगितलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. प्रेमाने मरणारं जनावर ऐकून ते म्हणाले की फारच बेशिस्त रोग दिसतोय.

१४ सप्टेंबर

आज मी स्वतःवर खूश आहे. पट्ट्यांची माहिती अगदीच गचाळ होती. कितीतरी नोंदी अशा की दोन हरणं दोन-दोन तास, काही तर दिवसभर हातभर अंतरात! हे कसं शक्य आहे? पट्टे गळून एका खड्ड्यात पडलेले असणार, नाहीतर डॉक्टरांनी काढून एका खोक्यात टाकले असणार. या धंद्यातला कुणीही हेच म्हणेल. मी सरळ नियम केला, अर्ध्या तासावरची भेट म्हणजे चुकीची नोंद, ती काढून टाकायची. एक ओळ लिहिली आणि सगळा कचरा साफ. मॉडेल लगेच शहाण्यासारखं चालायला लागलं.

जेवताना बाबांनी विचारलं की ते पट्टेच पडले होते आणि हरणं नव्हती, हे मला कुणी सांगितलं. मी म्हटलं, इतका वेळ कुणी कुणाला चिकटून बसत नाही. ते त्यांना एकदम पटलं.

२१ सप्टेंबर

मॅडमपुढे मॉडेल मांडलं. रोग नाल्यापलीकडेच आहे, तिथेच विझेल, अलीकडचा कळप निरोगी आहे. मॅडम चक्क माझ्या डोळ्यांत बघून हसल्या. माझ्या नकाशावर भरवसा ठेवून, रोगामुळे बंद असलेली वसाहतीमागची पायवाट आजपासून पुन्हा खुली केली. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात माझा अख्खा डबा खाल्ला.

बाबा उद्यापासून सकाळी त्या वाटेने फिरायला जाणार आहेत. बूट पुसून दारात ठेवलेत, दोन्हींची टोकं एका रेषेत.

२५ सप्टेंबर

बाबा फिरून उशिरा आले. पायवाटेवर एक हरणी भेटली म्हणे. गळ्यात पट्टा होता; त्यावरचा क्रमांकही त्यांनी पाठ करून आणला. ती पळाली नाही, उलट जवळ येऊन त्यांच्या खांद्याला जरा टेकली. किती वेळ, असं विचारलं तर म्हणाले, असेल थोडा वेळ. ज्या माणसाने आम्हाला कुत्र्याचं पिल्लू आणू दिलं नाही, तो माणूस म्हणतो की हरणी सभ्य होती!

मी रागावले. हात साबणाने धुवायला लावले, कपडे उकळत्या पाण्यात टाकले. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. माणसाला होत नाही, आणि अलीकडचा कळप निरोगी आहे हे तुम्हीच तर सांगितलंत, असं म्हणाले. तेही खरंच. तरी त्यांचे बूटही मी साबणाने घासले.

२८ सप्टेंबर

 आज संध्याकाळी मी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा खुर्चीतून उठले, माझ्यामागे आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. दमतेस तू, एवढंच म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. इतक्या वर्षांची होऊन मी एका हाताच्या वजनासाठी अशी रडेन, असं मला वाटलं नव्हतं. बाहेर आले तर त्यांनी आपली खुर्ची उचलून माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवली होती.

ताईला फोन केला. तिचा विश्वासच बसेना. बाबांना टेम्पोत कुणी बदललं की काय, असं म्हणाली. मग तिने हळूच विचारलं की मी आले तर माझ्याही डोक्यावर हात ठेवतील का गं.

२ ऑक्टोबर

बाबांनी सांगितलेल्या क्रमांकाची ती हरणी आज केंद्राच्या भिंतीशी सापडली. भिंतीला टेकून मेलेली, बरगड्या मोजता याव्यात अशी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन हरणं टेकून उभी होती, जिवंत. हाकलली तरी हलेनात. डॉक्टर त्यांना बाजूला करायला गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. मला वाटलं, तपासताहेत.

मी तिच्या पट्ट्यातली माहिती उतरवून घेतली. मॉडेलप्रमाणे ती निरोगी होती, कारण तिच्या भेटी जवळजवळ नव्हत्याच. मग माझ्या लक्षात आलं की का नव्हत्या. माझ्या त्या एका ओळीने त्या खाल्ल्या होत्या. मी फेकून दिलेलं सगळं परत जोडलं.

पट्टे पडलेले नव्हतेच. ती हरणंच होती. आधी अर्धा तास, मग दुपारभर, मग दिवसभर, आणि शेवटी अशी भेट की जी सुरू झाल्याची नोंद आहे, संपल्याची नाही. मी रोगच पुसून टाकला होता, चुकीची नोंद म्हणून. नाल्याअलीकडचा सगळा कळप केव्हाच रोगाच्या तावडीत गेलेला आहे.

आणखी एक. आजारी हरीण कुणालाही भेटतं असं मी धरून चालले होते. तसं ते करत नाही. ते आपल्याच नात्यात जातं. आई पिल्लाकडे, बहीण बहिणीकडे. नात्यातलं कुणी उरलं नाही की मग जो समोर येईल त्याच्याकडे.

मला बाबांची भीती वाटते आहे, असं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. ते शेजारच्या खुर्चीत बसलेत. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलाय. उठायला हवं.

३ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. त्यांनी पायवाट बंद केली आणि वरच्या ऑफिसला फोन लावला. वरच्या ऑफिसचं उत्तर असं की हरणांचं असेल तर आमच्याकडे, माणसांचं असेल तर आरोग्य खात्याकडे. आरोग्य खात्याचं उत्तर असं की रोग हरणांचा आहे ना, मग त्यांच्याकडे. मी तोंडावर पडले त्याचं काही नाही, पण कुणी मला ओरडलंसुद्धा नाही. डॉक्टर बैठकभर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी आज कुणाच्याही डब्याला हात लावला नाही.

५ ऑक्टोबर

गावातल्या दवाखान्याचा तरुण डॉक्टर घरी येऊन गेला. ताप नाही, नाडी ठीक, रक्तात काही नाही. बाबा जेवत नाहीत म्हटल्यावर त्याने भुकेचं औषध लिहून दिलं. वय झालं की माणूस हळवा होतो, असं मला समजावलं. निघताना बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि तोही सोडवून घ्यायची घाई करत नव्हता. मी ओरडून त्याला बाहेर काढलं. माझ्याकडे तो वेड्या बाईकडे बघावं तसं बघत गेला.

ताईला फोन करून सांगितलं की येऊ नकोस. ती चिडली. बाबा आता कुठे आपले झाले आणि तुला ते एकटीलाच हवेत का, असंही बोलून गेली. मग माझं रडणं ऐकून नरमली. मी जंगलात रोग आहे म्हटलं, चिमणीची शपथ घातली. नाही येणार, म्हणाली. जीव भांड्यात पडला. माझं जे होईल ते होईल, त्या दोघी इथे यायला नकोत. एवढं एकच मला सांभाळायचं आहे.

६ ऑक्टोबर

वाचवायचे सगळे मार्ग मॉडेलमध्ये घालून बघते आहे. लस असती तर. आजारी जनावरं मारली तर. वेगळी ठेवली तर. आकडे बदलतात, शेवट तोच येतो. वेगळं ठेवून बघितलं होतं म्हणे गेल्या वर्षी. हरणं कुंपणाला टेकून मेली, दोन्ही बाजूंनी.

तरी आज बाबांना त्यांच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली.  दाराला टेकून बसले असावेत, कारण दार जरा इकडे फुगलं. आतून ते आईबद्दल सांगत होते. ती गेली त्या दिवशी तिचा हात धरायचा होता, पण खोलीत माणसं होती म्हणून त्यांनी आपले हात मागे बांधून ठेवले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मी इकडून दाराला टेकून ऐकत होते. चहा शेजारी ठेवला होता. उठले तेव्हा त्यावर जाड साय आली होती आणि ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं.

कडी काढली.

८ ऑक्टोबर

मॅडमचा फोन आला. आवाज इतका गोड की आधी ओळखूच आला नाही. एकटी काय बसलीस घरी, आम्ही सगळे इथेच आहोत, ये, म्हणाल्या.

गेले. फाटकाबाहेरूनच बघितलं. भिंतीपाशी उन्हात सगळे ओळीने बसले होते. डॉक्टर, मॅडम, ऑफिसातली माणसं, खांद्याला खांदा लावून. समोर बंद डबे. डॉक्टरांचं पोट आत गेलंय, शर्ट लोंबतोय. दवाखान्यातला तो तरुण डॉक्टरही ओळीच्या टोकाला बसला होता, टाय लावून.  मला बघून सगळे हसले.

आणि थोडे थोडे सरकले. माझ्यासाठी जागा केली त्यांनी.

मी पळत घरी आले. खरं लिहायचं तर लगेच नाही पळाले. थोडा वेळ थांबले होते. त्या मधल्या जागेत ऊन पडलं होतं.

९ ऑक्टोबर

काल जेवले का, आठवत नाही. परवा?

बाबांना चमच्याने सूप द्यायला जाते. तोंड उघडत नाहीत. माझा हात धरून ठेवतात, चमचा त्यातच. मी हात टेकले— हे लिहून हसू आलं. खरोखरच टेकले आहेत.

घर सोडून जावं म्हणते. कुठे? जिथे जाईन तिथे माणसं असणार. आणि माझे पाय पहिल्यांदा कुणाच्या घराकडे वळतील, हे मला माहीत आहे. माझं मॉडेल आता अगदी बरोबर चालतं. बहीण बहिणीकडे.

म्हणून जात नाही. इथेच बसायचं. फोन उचलायचा नाही.

१० ऑक्टोबर

आज छान ऊन आहे. भीती वाटत नाही. कशाला घाबरत होते एवढी, असं वाटतं.

ताईशी बोलले. खूप वेळ. बाबाही बोलले तिच्याशी. तिला बेटा म्हणाले आणि ती फोनवर रडायलाच लागली. चिमणीने विचारलं की आजोबा तिला मांडीवर घेतील का. घेतील की. सुट्टी लागलीच आहे, या म्हटलं. कसला रोग आणि काय, सगळं मिटलं.

बाबांचा खांदा किती हलका झालाय.

११ ऑक्टोबर

वरचं वाचलं. अक्षर माझं आहे— मी कधी—

नाही. नाही नाही.

फोन लावते आहे, लागत नाही. प्रवासात असेल. पुन्हा लावते. संदेश पाठवला, तिने बघितलेला नाही. पुन्हा पाठवला. येऊ नकोस येऊ नकोस येऊ नकोस.

भीती वाटते आहे. वाटू दे. भीती आहे तोवर मी आहे. ती जाईल तेव्हा— पटकन करायला हवं जे काय ते—

बाबांच्या जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं. आत रोग आहे. दार उघडू नका. परत जा. दारावर चिकटवलं. आतून कडी लावली. चिमणीचा हात पोचणार नाही, पण ती तर बाहेरून— कडी माझ्या हाताला पोचते. माझ्याच.

१२ ऑक्टोबर, सकाळ

बाबा गार आहेत. मला कळलं नाही. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मी टेकून होते. केव्हा गेले— काल? काल बोलले का ते माझ्याशी?

रडू येत नाही. बरं वाटतंय. हे भयंकर आहे, मला बरं वाटतंय.

उठायचं. जंगलात जायचं, लांब. त्या येतील तर घर रिकामं सापडेल, हाका मारतील, परत जातील. एवढंच करायचं आहे, उठायचं. बाबांचा हात बाजूला ठेवायचा आणि—

ठेवते आता.

ठेवते.

दुपार

अजून इथेच. ऊन दुसऱ्या भिंतीवर.

दाराकडे बघितलं. कागद दिसतोय. आत रोग आहे. दार उघडू नका. परत जा. मला इथून नीट वाचता येतंय. म्हणजे मी तो आतल्या बाजूने—

बाहेर फाटक वाजलं

ताईचा आवाज. बाबा, आम्ही आलो, म्हणते आहे. किती आनंदात आहे ती. चिमणी धावत येते आहे, बुटांचा आवाज.

ओरडायचं आहे. तोंड उघडलं. हसूच येतंय.

उघडणार नाही. मी फक्त दारापाशी जाऊन बसणार. तिथूनच सांगणार, परत जा. बाबांनाही घेऊन आलेय, एकटं कसं ठेवायचं. दाराला टेकलोय.

ती पलीकडून टेकली. चिमणी. पाठ लावून बसली असेल दमून, मला कळतंय कुठे ती. किती ऊब आहे तिची. खरंच पुठ्ठाच आहे हे दार, बाबा म्हणाले होते.

मावशी, म्हणते आहे.

कडी उंच आहे, नुसतं उभं राहून— नाही, उघडणार नाही, फक्त हात लावून बघते— बाबा, तुम्ही जरा सरका ना, जागा करा, ती येते आहे आणि मग ताईला पण आपल्या मध्ये